'हा-हा' भिंतीची डागडुजी करताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीतून पाहिलं तर हिरवळ थेट कुरणाला भिडलेली दिसते, तरी मेंढ्या बागेत येत नाहीत. मधे चर असतो. घराच्या अंगाला उभी भिंत, तिचा माथा हिरवळीच्या पातळीत. कुरणाच्या अंगाला उतार. काठावर पोचल्याशिवाय तो दिसत नाही आणि अचानक दिसला की आश्चर्याचा उद्गार निघतो, म्हणून नाव पडलं 'हा-हा'. १८व्या शतकात बागरचनाकार चार्ल्स ब्रिजमन यांनी इंग्लंडमधल्या स्टो इथल्या बागेत अशी सीमा आखली.

भिंतीला पोट आलं की लोक दर्शनी विटा काढून नव्या बसवतात. हीच सर्वांत महागात पडणारी चूक. ही भिंत बागेची माती अडवून धरते. पावसात ती माती फुगते, जड होते आणि भिंतीला पुढे रेटते. आधी पाणी जायची भोकं मोकळी आहेत का, वरच्या हिरवळीचं पाणी कुठे जातं, हे बघा. निचरा न सुधारता बांधलेली भिंत पुन्हा फुगणारच.

दुसरी चूक सिमेंटची. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, म्हणजे दरजांतून, ओल बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल विटेत शिरते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या वाड्यांत बर्फ नसतो, पण सिमेंटमागे कोंडलेली ओल तिथेही विटा खातेच. जुनं सिमेंट घट्ट बसलं असेल तर ग्राइंडर चालवू नका, विटांच्या कडा जातात. चुन्याचं काम तापमान ५ अंशांखाली असताना करू नये. ताज्या दरजांवर ओलं गोणपाट टाकावं.

चरातला गाळ काढताना पाया उघडा पाडू नका, तळाचा आधार गेला की भिंत घसरते. भिंतीत शिरलेली झाडाची मुळं ओढून उपटू नयेत. खोड कापून मुळं जागीच मरू द्यावीत. गवत कापायचं जड यंत्र काठापासून लांब ठेवा.

आणि परवानगी. इंग्लंडमध्ये हवेली संरक्षित यादीत असेल, तर तिच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची भिंतही सहसा तिच्यासोबत संरक्षित धरली जाते. स्थानिक नियोजन कार्यालयात आधी विचारा.

फुगवट्याबद्दल शंका असेल तर घाईने पाडू नका. दरवर्षी त्याच जागी ओळंबा लावा, अंतर लिहून ठेवा. कित्येक भिंती पूर्वी कधीतरी झुकून तशाच स्थिरावलेल्या असतात. त्यांना हात लावायची गरज नसते.