व्हिटबीच्या पायी फेरीची तयारी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमध्ये, एस्क नदी उत्तर समुद्राला जिथे मिळते तिथे व्हिटबी हे जुने बंदर आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर उंच कडे असून गाव त्यांच्या उतरणीवर आणि माथ्यावर वसलेले आहे. नकाशावर ते लहानसे दिसत असले तरी चालताना बराच चढ-उतार लागतो. मार्गदर्शकासोबतची फेरी साधारणपणे दीड ते दोन तासांची असते. लीड्स, यॉर्क किंवा न्यूकॅसलला मुलांकडे राहायला आलेले आई-वडील बरोबर असतील, तर पुढील गोष्टी आधीच पाहून ठेवलेल्या बऱ्या.

दिवस ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. गावाचे दोन भाग जोडणारा, बंदराच्या मधोमध असलेला फिरता पूल भरतीच्या आगेमागे बोटींना वाट देण्यासाठी उघडतो, आणि तेवढा वेळ चालणाऱ्यांना दोन्ही बाजूंना थांबून राहावे लागते. फेरी एका तीरावर आणि आपण दुसऱ्या, अशी वेळ येऊ नये म्हणून ठरलेल्या ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचावे. शक्य असेल तर फेरी ओहोटीच्या सुमारास घ्यावी. पाणी ओसरल्यावर टेट हिलच्या धक्क्याजवळची वाळू उघडी पडते, आणि इथल्या कारागिरांनी सपाट बुडाची, वाळूवर टेकली तरी न कलंडणारी कोळशाची जहाजे का बांधली असतील, हे नुसत्या नजरेने कळते. याच घाटणीचे, १७६४ मध्ये इथे बांधलेले एक कोळसावाहू जहाज पुढे आरमाराने विकत घेतले आणि १७६८ मध्ये दर्यावर्दी जेम्स कुक ते ‘एन्डेव्हर’ या नावाने प्रशांत महासागराकडे घेऊन गेला. फेरीनंतर किनाऱ्यावर जीवाश्म शोधायचे असतील तर वेळापत्रक अधिकच महत्त्वाचे ठरते. कड्याखालच्या वाळूवर भरतीचे पाणी परतीची वाट अडवते आणि कड्यावरून दगडही कोसळतात. सुटे पडलेले दगड पाहावेत, कड्यावर हातोडी चालवू नये.

गर्दीचे दिवसही पाहून ठेवावेत. ऑगस्टमध्ये नौकाशर्यतींचा उत्सव असतो, आणि वसंत व शरद ऋतूंत काळे, झालरीदार पोशाख घालून येणाऱ्या गॉथ मंडळींचे मेळावे भरतात. ते पाहण्यातही मौज आहे; मात्र वृद्ध मंडळींसोबत अरुंद गल्ल्यांतून शांतपणे चालायचे असेल तर असे शनिवार-रविवार टाळावेत. हिवाळ्यात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, पूर्वेकडच्या कड्यावरच्या जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आठवड्यातील काही दिवस बंद असतात आणि कुकचे संग्रहालय काही आठवडे पूर्णपणे बंद राहते, म्हणून त्या काळात जायचे झाल्यास दोन्हींच्या वेळा आदल्या दिवशी तपासाव्यात.

पोहोचण्याची व्यवस्था आधी ठरवणे आवश्यक आहे, कारण हे गाव कुठल्याही मुख्य रेल्वेमार्गावर नाही. मिडल्सबरोहून एस्क खोऱ्यातून येणारी गाडी सुमारे दीड तास घेते आणि दिवसातून मोजक्याच वेळा धावते. लीड्सहून यॉर्कमार्गे येणाऱ्या बसला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. शेवटचा टप्पा माळरानावरून वळणे घेत जातो, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी.

कपड्यांच्या बाबतीत ऊन पाहून फसू नये. जुलैतही दुपारचे तापमान बहुधा २० अंशांच्या खालीच राहते, आणि उन्हाळ्यातील स्वच्छ सकाळीसुद्धा समुद्रावरून अचानक गार धुके चढून येते. कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून टोपी असलेला, पाणी न झिरपणारा कोट घ्यावा आणि कान झाकतील असे काहीतरी जवळ ठेवावे. पूर्वेकडच्या चर्च स्ट्रीटवर आणि तिला लागून असलेल्या बोळांमध्ये दगडी फरसबंदी आहे; ओल्या दिवशी तीवर गुळगुळीत तळ्याचे बूट घसरतात. चपला आणि सँडल घरी ठेवून खाचदार तळ्याचे, वापरून सैल झालेले बूट घालावेत. साडी नेसणाऱ्या आजींना त्या दिवसापुरता सलवार-कमीज सुचवून पाहावा, कारण वारा आणि पायऱ्या दोन्ही एकाच वेळी सांभाळणे कठीण जाते.

चर्च स्ट्रीटच्या टोकापासून सेंट मेरी चर्चकडे १९९ पायऱ्या चढतात. मध्ये रुंद टप्पे आणि बाके आहेत; पूर्वी शवपेटी खांद्यावरून वर नेताना ती टेकवून दम घेण्याची सोय म्हणून अशी जागा ठेवलेली होती. चढणाऱ्यांनीही तिचा उपयोग निःसंकोच करावा. फेरी वरपर्यंत जाते की पायथ्याशीच संपते, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मोटारीने मठाजवळच्या वाहनतळापर्यंत नेता येते. गुडघे केवळ उतरताना दुखत असतील तर पायऱ्यांचा हट्ट धरू नये. वर जाऊन तिथूनच बंदर पाहिले तरी पुष्कळ आहे.

ज्या तयारीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ती गोष्टींची तयारी. मार्गदर्शकाचे यॉर्कशरी उच्चार, वारा आणि समुद्रपक्ष्यांचा गोंगाट यांतून निम्मे बोलणे हरवते. नावे आणि साले आधी कानावरून गेलेली असतील तर उरलेल्या निम्म्यावर काम भागते. निघण्यापूर्वी घरातल्या मंडळींना किमान चार प्रसंग सांगून ठेवावेत. पहिला मठाचा. ६५७ मध्ये राजा ऑस्वियूने तो स्थापन केला आणि हिल्डा ही त्याची पहिली मठाधिपती झाली. स्त्रिया आणि पुरुष दोघेही तिच्या अधिकाराखाली राहत. ६६४ मध्ये इथेच धर्मसभा भरली, कारण ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा याविषयी रोमची आणि आयर्लंडकडून आलेली अशा दोन गणना प्रचलित होत्या, आणि राजा ईस्टरची मेजवानी करत असताना राणीचा उपवास चालू आहे, असा प्रकार राजवाड्यातच घडत होता. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती कधीकधी शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर येतात हे पाहिलेल्या मराठी माणसाला या वादाचे गांभीर्य समजावून सांगावे लागणार नाही. राजाने रोमच्या बाजूने निर्णय दिला. आज दिसणारे उंच कमानींचे अवशेष मात्र हिल्डाच्या काळचे नसून त्यानंतर काही शतकांनी बांधलेल्या मठाचे आहेत. तो मठ १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात बंद करण्यात आला, आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनी त्याच्या पश्चिम दर्शनी भागाचे नुकसान केले.

दुसरा प्रसंग कुकचा. १७४६ मध्ये तो जॉन वॉकर या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातील जहाजमालकाकडे उमेदवारीसाठी आला. ग्रेप लेनमधील वॉकरचे घर हेच आज संग्रहालय आहे. फेरीत ते बहुधा बाहेरूनच दाखवतात, म्हणून आत जाण्यासाठी तासभर वेगळा राखून ठेवावा. माझ्या मते या गावात पैसे देऊन पाहावे असे हे पहिले ठिकाण आहे. कुकच्या सफरींचे वर्णन इथे अभिमानाने केले जाते, आणि त्यांनंतर ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे काय झाले हा प्रश्न मार्गदर्शकाला अवश्य विचारावा. तिसरा प्रसंग व्हेलच्या शिकारीचा, जी इथून १७५३ ते १८३७ या काळात चालली; पश्चिम कड्यावरची जबड्याच्या हाडांची कमान तिची आठवण म्हणून उभी आहे, पण सध्याची हाडे २००३ मध्ये अलास्काहून आलेली आहेत. चौथा ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळाचा: बुडत्या जहाजांतील माणसांना दिवसभर वाचवत राहिलेली जीवरक्षक नौका शेवटी स्वतःच उलटली, तिच्यावरील तेरांपैकी बारा जण बुडाले, आणि नव्या घडणीचे बुचाचे जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन एकटा वाचला.

ड्रॅक्युलाची कथा वेगळी सांगून ठेवण्याची गरज नाही, ती गावभर भेटते. कादंबरीकार ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे राहून गेला आणि त्याने कथेतील जहाज इथल्याच किनाऱ्याला लावले. रात्रीच्या भुताखेतांच्या फेऱ्या वेगळ्या असतात. नोंदणी करताना आपण इतिहासाची फेरी घेत आहोत ना, याची खात्री करावी. सेंट मेरीच्या आवारात ड्रॅक्युलाची कबर विचारू नये, ती तिथे नाही आणि तिथल्या लोकांना या प्रश्नाचा पुरेसा कंटाळा आलेला आहे. त्याऐवजी चर्चच्या आत जाऊन लाकडी कप्प्यांसारखी बंदिस्त आसने पाहावीत. त्यांपैकी काहींवर ती परगावच्या माणसांसाठी असल्याचे लिहिलेले आहे.

खाण्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की यॉर्कशरमधील अनेक दुकानांत मासे आणि बटाट्याच्या फोडी गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी मंडळींनी केवळ बटाटे मागवून निश्चिंत होऊ नये. कशात तळता हे दर वेळी विचारावे, वनस्पती तेल वापरणारी दुकानेही आहेत. घरून दशम्या आणि कोरडी चटणी नेणे उत्तम. उघड्यावर खाताना समुद्रपक्षी हातातला घास उचलून नेतात, तेव्हा भिंतीला पाठ लावून खावे. मधुमेहाची औषधे, पाणी आणि गरम चहाचा थर्मास मोठ्या पिशवीत न ठेवता लगेच हाती लागेल असा ठेवावा, आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे फेरी सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

खरेदी करायची असल्यास ती फेरीनंतर करावी. जेट हा काळा, चकचकीत पदार्थ म्हणजे कोट्यवधी वर्षे गाडले जाऊन बदललेले लाकूड होय. १८६१ मध्ये पती प्रिन्स अल्बर्टच्या मृत्यूनंतर राणी व्हिक्टोरियाने शोकाचे दागिने म्हणून ते वापरले आणि गावातील कारखान्यांना बरकत आली. काळे मणी सौभाग्याचे मानणाऱ्या आपल्या आजींना ही हकीकत गमतीची वाटेल. खरे जेट वजनाला हलके आणि स्पर्शाला कोमट लागते, तर काचेची नक्कल जड आणि गार लागते. खरे जेट चकाकी नसलेल्या चिनी मातीवर घासले तर तपकिरी रेघ उमटते. दुकानदाराकडून पावतीवर ‘व्हिटबी जेट’ असे लिहून घ्यावे.