मूलपेशींचं मूळ शिकवायचंय? प्लॅनेरियापासून सुरुवात करा

शरीरातली कुठलीही पेशी घडवू शकणारी मूलपेशी म्हणजे प्लुरिपोटंट पेशी. ही क्षमता प्राण्यांत आली कुठून, हे शिकवताना मी फळ्यावर वंशवृक्ष काढायच्या आधी मुलांसमोर प्लॅनेरिया ठेवते. तुम्हीही तसंच करा.

या चपट्या कृमीला आधी आठवडाभर उपाशी ठेवा, नाहीतर पाणी लगेच घाण होतं. क्लोरीन असलेलं नळाचं पाणी चालणार नाही. पेट्री डिशखाली बर्फ ठेवलात की त्याची वळवळ मंदावते. मग ओल्या फिल्टर पेपरवर, नव्या ब्लेडने, एकाच दाबात आडवा काप घ्या. ब्लेड पुढेमागे घासू नका. तुकडे अंधारात ठेवा, पाणी बदलत राहा, खायला काही देऊ नका.

दोन-तीन दिवसांत कापलेल्या कडेवर पांढुरकी टोपी चढते. हा ब्लास्टेमा, त्यात अजून रंगद्रव्य नसतं. शेपटीचा तुकडा रोज भिंगाखाली बघा. साधारण आठवड्यात त्या पांढऱ्या भागात दोन काळे ठिपके उमटतात. ते डोळे! इतकी वर्षं बघतेय, तरी त्या दिवशी मला राहवत नाही, वर्गातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवते.

एक तुकडा मात्र मुद्दाम वेगळा काढा: डोळ्यांच्या पुढचं टोक. त्यातून नवा प्राणी होत नाही, कारण तिथे निओब्लास्ट, म्हणजे प्लॅनेरियाच्या मूलपेशी, नसतात. 2011 मध्ये याची उलट बाजूही दिसली. किरणोत्साराने सगळे निओब्लास्ट मारलेल्या कृमीत असा एकच निओब्लास्ट सोडला, तर त्याच्या वंशजांनी अख्खा प्राणी वाचवला.

“हे फक्त प्लॅनेरियातच का?” असं मुलं विचारतातच. तेव्हा पिवी नावाच्या जनुकाचा विषय काढा. ते निओब्लास्टमध्ये चालू असतं, हायड्राच्या मूलपेशींत असतं, स्पंजच्या आर्किओसाइटमध्ये, म्हणजे त्याच्या मूलपेशींतही असतं. इतक्या दूरच्या शाखांत तेच जनुक त्याच कामाच्या पेशींत सापडतं, म्हणजे हा वारसा त्यांच्या समाईक पूर्वजाकडून आला असावा, असं मला सर्वात पटतं. ऑक्ट4 या प्लुरिपोटंट क्षमतेच्या जनुकाचं उदाहरण मात्र इथे देऊ नका. ते पृष्ठवंशीयांच्या शाखेतलं आहे.

शेवटी कोअॅनोफ्लॅजेलेट सांगा, प्राण्यांचे सर्वात जवळचे एकपेशीय नातलग. 2024 मध्ये त्यांचं सॉक्स जनुक उंदराच्या सॉक्स2 च्या, म्हणजे ऑक्ट4 सोबत काम करणाऱ्या जनुकाच्या, जागी वापरलं आणि उंदराच्या साध्या पेशी प्लुरिपोटंट झाल्या. त्यांच्याच पीओयू जनुकाला, म्हणजे ऑक्ट4 च्या कुळातल्या जनुकाला, मात्र ऑक्ट4 चं काम जमलं नाही. हा फरक घाईत उरकू नका, मुलांना त्यावर वाद घालू द्या.