पद्मिनीचं बांधलेलं इंजिन आधी स्टँडवर चालवा

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन नव्याने बांधलंत, की लगेच बॉनेटखाली उतरवू नका. अँगलच्या भक्कम स्टँडवर घट्ट बोल्ट करून रेडिएटर, बॅटरी, सायलेन्सर जोडा आणि मोकळ्या जागेत चालवून बघा. क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गळत असेल तर इथे ते तासाभरात कळतं. गाडीत कळलं तर गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं ऑइल प्रेशर. चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा आणि थोडं थांबत थांबत स्टार्टर मारा. गेजचा काटा उठेपर्यंत प्लग लावायचेच नाहीत. कोरडी बेअरिंग काही सेकंदांत खराब होतात, मग क्रँकचा सगळा खर्च पाण्यात. माझा तर काटा उठल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही.

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला असेल तर सुरू होताच आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता संथ चालत, सोडू नका. साधारण २००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवा. कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं, आयडलवर ते कमी पडतं. पेट्रोलचा डबा एक्झॉस्टपासून लांब, अग्निशामक हाताशी. थंड झाल्यावर तेल बदला आणि जुनं पांढऱ्या फडक्यावर ओतून धातूचे चकाकणारे कण शोधा.