रिफ्लक्सच्या निदानात एनबीआय एंडोस्कोपी कशी वापरावी

घशाशी आंबट पाणी येते, जेवल्यावर छातीत जळजळते, रात्री आडवे होताच खोकला सुटतो, अशा रिफ्लक्सच्या, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत उलट चढण्याच्या, तक्रारी सांगणाऱ्या बहुतेक रुग्णांची अन्ननलिका साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या एंडोस्कोपीत स्वच्छ दिसते. ‘दुर्बिणीत काही निघाले नाही’ एवढे ऐकून रुग्ण घरी जातो आणि त्याची जळजळ तशीच राहते. अशा वेळी नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे एनबीआय, उपयोगी पडते. मात्र तिच्यावर किती भिस्त ठेवायची हे एंडोस्कोपी शिकणाऱ्या डॉक्टरांनी आधीच समजून घ्यावे.

एनबीआयचे बटण दाबल्यावर सुमारे ४१५ आणि ५४० नॅनोमीटर या दोन अरुंद पट्ट्यांतलाच प्रकाश अन्ननलिकेच्या आतल्या आवरणावर पडतो आणि तो हिमोग्लोबिन चांगला शोषून घेते. पहिला वरच्या थरातच अडतो, म्हणून तिथल्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात; दुसरा थोडा खोल उतरतो, म्हणून खालच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. वेगळा रंग फवारावा लागत नाही.

खरी कसोटी तयारीत आहे. पीपीआय गटातल्या, म्हणजे जठरातले आम्ल कमी करणाऱ्या, गोळ्यांनी आवरणावरचे आम्लाचे ओरखडे भरून येतात, त्यामुळे निदान पक्के झालेले नसेल आणि गोळी थांबवण्यात धोका नसेल, तर तपासणीपूर्वी २ ते ४ आठवडे त्या बंद ठेवाव्यात. आपल्याकडे अनेक जण पँटोप्राझोल ही याच गटातली गोळी थेट मेडिकलच्या दुकानातून आणतात आणि तिला औषध समजतच नाहीत. म्हणून ‘औषध चालू आहे का?’ असे न विचारता ‘सकाळी उपाशीपोटी एखादी गोळी घेता का?’ असे विचारावे. गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल, तर मात्र आठवडे मोजत बसू नये. तपासणी लगेच करावी.

दुर्बीण आत गेल्यावर सुरुवात पांढऱ्या प्रकाशातच करावी आणि सिमेथिकोन हे फेस मोडणारे औषध मिसळलेल्या पाण्याने फेस धुऊन काढावा. हे धुणे टाळले तर एनबीआय हमखास फसवते, कारण त्या प्रकाशात पित्त रक्तासारखे लाल दिसते, खरे रक्त काळसर दिसते, आणि फेसाचा एक बुडबुडासुद्धा पांढरट चट्ट्याचा भास निर्माण करतो. रुग्ण जागा असेल तर त्याला खोल श्वास घेऊन रोखायला सांगावे. अन्ननलिकेचे खालचे टोक ताणले जाते आणि जठराच्या आवरणाशी होणारी तिची वेडीवाकडी सीमारेषा, म्हणजे झेड-लाइन, समोर येते. ओरखडे असल्यास लॉस एंजेलिस वर्गीकरणानुसार प्रत लिहावी: ५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा ‘ए’, त्याहून लांब ‘बी’, घड्यांच्या मधल्या भागातून एकमेकांना जोडलेले पण परिघाच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी भाग व्यापणारे ‘सी’, आणि त्याहून जास्त व्यापणारे ‘डी’.

यानंतर एनबीआय सुरू करून दुर्बिणीचे टोक अगदी जवळ न्यावे, कारण हा प्रकाश मंद असतो आणि लांबून चित्र काळवंडते. आता अन्ननलिकेचे आवरण फिकट, जठराचे तपकिरी, आणि दोहोंमधली रेषा पेन्सिलने काढल्यासारखी स्पष्ट दिसते. त्या रेषेच्या लगेच वर पाहावे. निरोगी आवरणात केशवाहिन्यांची वेटोळी बारीक तपकिरी ठिपक्यांसारखी असतात. रिफ्लक्समध्ये ती संख्येने वाढतात, फुगतात, नागमोडी होतात, आणि पांढऱ्या प्रकाशात सुटून गेलेला एखादा छोटा ओरखडाही इथे सापडू शकतो. तपकिरी जिभा वर चढलेल्या दिसल्या तर बॅरेटचा, म्हणजे अन्ननलिकेचे आवरण बदलून वेगळ्या प्रकारचे झाल्याचा, संशय घ्यावा, हवा थोडी कमी करून जठराच्या घड्यांचे वरचे टोक निश्चित करावे, प्राग पद्धतीने सी (पूर्ण परिघभर पसरलेल्या बदलाची लांबी) आणि एम (सर्वाधिक लांबी) ही मापे सेंटिमीटरमध्ये नोंदवावीत, आणि बदल किमान १ सेंटिमीटर लांबीचा असेल तर बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी आवरणाचा तुकडा, घ्यावी. जिथे वाहिन्यांची किंवा आवरणाची नक्षी विस्कटलेली आहे तिथला तुकडा आधी घ्यावा, मग दर २ सेंटिमीटरवर चारही बाजूंचे. आवरणावर कडी किंवा उभ्या चरा दिसल्या, तर इओसिनोफिलिक अन्ननलिकादाहासाठीही (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साठून होणाऱ्या दाहासाठी) बायोप्सी हवी.

केवळ वेटोळी फुगलेली दिसली म्हणून ‘रिफ्लक्स सिद्ध’ असे लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. ही वेटोळी पाहण्यात दोन अनुभवी डॉक्टरांचेही एकमत नेहमी होत नाही. लियॉन सहमतीची, म्हणजे रिफ्लक्सच्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, दुसरी आवृत्ती एंडोस्कोपीतला निर्णायक पुरावा म्हणून ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ प्रतीचे ओरखडे, बायोप्सीने सिद्ध झालेले बॅरेट, आणि आम्लामुळे अन्ननलिका अरुंद होणे यांनाच मानते. ‘ए’ प्रतही एकटी पुरेशी नाही. उरलेल्या रुग्णांत गोळ्या बंद ठेवून पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेतल्या आम्लाचे मोजमाप, करावी, २४ तासांची नळीने किंवा ९६ तासांपर्यंतची बिनतारी कॅप्सूलने. अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा काळ एकूण तपासणीच्या वेळेच्या ६ टक्क्यांहून अधिक असेल तर निदान पक्के, ४ टक्क्यांहून कमी असेल तर तो सामान्य.

अहवालात एकाच जागेची दोन्ही प्रकाशांतली छायाचित्रे जोडावीत, रुग्णाने शेवटची पीपीआय गोळी कधी घेतली ते लिहावे, आणि ओरखडे नसून केवळ वाहिन्यांचे बदल असतील तर ‘नॉर्मल’ या एका शब्दावर न थांबता ‘रिफ्लक्सची शक्यता, पीएच तपासणी करावी’ अशी स्पष्ट नोंद करावी.