वाळवंटातल्या बर्डिंग ट्रिपचा शेवटचा दिवस कसा प्लॅन करायचा

पुण्या-मुंबईहून जैसलमेरला बर्डिंगला जाणारे ग्रुप हल्ली खूप झालेत, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसणं जवळपास बंदच झालंय म्हटल्यावर डेझर्ट नॅशनल पार्क गाठावंच लागतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांचे पक्के ठरलेले असतात आणि शेवटच्या दिवसापुढे नुसतं "रिटर्न" लिहिलेलं असतं. घोळ तिथेच होतो. आदल्या रात्री कोणीतरी म्हणणारच, मॅक्वीन्स बस्टर्ड (माळढोकाच्याच कुळातला पक्षी) राहिलाय, सकाळी पार्कातल्या सुदासरीला अजून एक चक्कर मारू. नाही मारायची! पक्षी नाही मिळाला तर अख्खा ग्रुप तोंड पाडून गाडीत बसतो, आणि मिळाला तर फोटोच्या नादात निघायलाच अकरा वाजतात.

शेवटच्या सकाळी खात्रीचं काहीतरी ठेवा. हिवाळ्यात या भागात खात्रीचं म्हणजे खीचन, तिथे कांड्या करकोचे (तिकडे कुरजां म्हणतात) हजारोंनी असतात. पण जैसलमेरहून पहाटे निघून खीचन करू हा हिशोब करू नका, अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे, पोचेपर्यंत चुग्गाघर (करकोच्यांना दाणे टाकतात ते कुंपणाचं आवार) रिकामं होत आलेलं असतं. त्यापेक्षा आदल्या दुपारीच जैसलमेर सोडा आणि मुक्काम फलोदीला करा, तिथून खीचन अगदी जवळ. बॅगा रात्रीच भरून ठेवायच्या, जॅकेट आणि कानटोपी मात्र वर, डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं शटरवर वळत नाहीत इतकी थंडी असते.

उजाडताना चुग्गाघराशेजारच्या गच्चीवर जाऊन बसा, घरमालकाला विचारून. करकोचे लगेच उतरत नाहीत. आधी गावावर घिरट्या, मग बाहेरच्या रेतीवर थवा जमतो, मग पाच-दहा धीट पक्षी कुंपणाच्या आत येऊन ज्वारी टिपायला लागतात आणि त्यांच्यामागून जी रीघ लागते ती आत पाय ठेवायला जागा उरेनाशी होईपर्यंत थांबत नाही, आवाज तर एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ते उतरत असताना उठायचं नाही, ट्रायपॉड हलवायचा नाही, भडक कपडे नकोत, आणि ड्रोन तर बॅगेतून काढूच नका. दाणे संपले की पक्षी पाण्यावर जातात, रातडी नाडी (तिकडे तळ्याला नाडी म्हणतात) आणि विजयसागर तलावावर (या दोन्हींना 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळालाय). उशिरा उठणाऱ्यांना निदान ते तरी मिळतं.

दहा-साडेदहाला निघा. जोधपूर साधारण तीन तास धरा, नाश्त्याला मिरचीवडा वाटेतच.

गाडीत बसण्याआधी एक काम, बूट-मोजे झटकून भुरट काढा. हे गवताचे काटेरी गोंडे लेसमध्ये असे रुततात की बोटांनी ओढले तर बोटातच मोडतात, जुना कंगवा किंवा चिमटा जवळ ठेवा. लेन्सवरची रेती आधी ब्लोअरने उडवायची, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी, नाहीतर स्वतःच्या हाताने चरे पाडाल. ट्रायपॉडचे पाय घरी जाऊन पाण्याने धुवा.

गाडीतच दोन गोष्टी उरका. पहिली हिशोब, गाइड आणि ड्रायव्हरची बक्षिसी रोख आणि आधीच गोळा केलेली हवी, शेवटच्या क्षणी यूपीआय फिरत बसतं आणि सगळे खिडकीबाहेर बघतात. दुसरी, दिसलेल्या पक्ष्यांची लिस्ट. एकाने वाचायची, बाकीच्यांनी हो-नाही म्हणायचं, चंडोलांवर भांडण होणारच, फोटो बघूनही ठरत नसेल तर सरळ "चंडोल, जात नक्की नाही" लिहा आणि पुढे सरका. माळढोक दिसला असेल तर फोटो टाकताना जागा टाकू नका, फोटोमधलं लोकेशनही बंद करा.

जोधपूरचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तिथे कॅमेरा गळ्यात लटकवून फिरू नका. बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा.