स्प्लेंडरचं बोअर-पिस्टन घरी बदलताय? मग आधी लॉकचं ऐका

गाडी निळा धूर सोडतेय, ऑइल खातेय, चढावर दम नाही, तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्यात. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन जवळपास आडवं असतं, त्यामुळे नुसतं हेड आणि बोअरचं (म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरचं) काम असेल तर इंजिन फ्रेममधून उतरवायच्या भानगडीत पडू नका.

खोलायच्या आधी मॅग्नेट फिरवून 'टी' मार्कवर (पिस्टन पूर्ण वर आल्याची खूण) आणा, हेडमधल्या टायमिंग चेनच्या गिअरवरची खूण हेडच्या खाचेला जुळवा, फोटो काढा. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा.

लेथवाल्याला बोअर मारायला (सिलिंडर आतून मोठं करायला) द्याल तेव्हा नवा पिस्टन सोबत द्या. पिस्टन ०.२५ मिमी मोठा लागेल की ०.५० ते तो आधी बोअर मोजून सांगेल, पण बोअर मारायचं ते हातात आलेला पिस्टन मोजूनच, "आधी बोअर मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणाऱ्याकडून सिलिंडर परत घ्या. व्हॉल्व्ह घासून झाले की पोर्टमध्ये रॉकेल ओता, पाझरलं तर परत घासा.

आता खरी कटकट. सगळे सांगतात पिस्टन आधी कनेक्टिंग रॉडला लावा आणि बोट दाबून रिंगा सिलिंडरमध्ये घाला. तीन हात असतील तर जमेल. माझी पहिल्यांदा एक रिंग तुटली, आणि पिनचं लॉक (पिस्टन रॉडला जोडणारी पिन सरकू न देणारी छोटी तारेची रिंग) बसवताना ते पकडीतून टणकन उडालं ते दिसेचना. क्रँककेसचं (इंजिनच्या मुख्य पेटीचं) तोंड उघडंच होतं. जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून तासभर आत फिरवलं, शेवटी रडत अख्खं इंजिन उतरवलं, केस फोडली, आत काही नाही. आठवड्याने लॉक सापडलं पायपुसण्यात.

तेव्हापासून मी असं करतो. क्रँककेसच्या तोंडात आधी फडकं कोंबायचं, मग बाकीचं. चेनच्या बाजूचं लॉक टेबलावरच बसवायचं. रिंगांची अक्षरं वर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि ऑइल रिंगच्या मधल्या जाळीची टोकं एकावर एक चढलेली नकोत, इथेच लोक चुकतात आणि मग म्हणतात नवा पिस्टन टाकूनही धूर येतो. सगळ्याला इंजिन ऑइल लावून पिस्टन टेबलावरच सिलिंडरमध्ये खालून घालायचा, पिनचं भोक बाहेर राहील इतकाच. मग बेस गॅस्केट लावून, चेन सिलिंडरच्या खोबणीतून वर ओढून तो जोड स्टडवर सरकवायचा, पिस्टनवर 'इन' लिहिलेली बाजू वर कार्बोरेटरकडे, पिन ढकलायची आणि उरलेलं एकच लॉक लावायचं. लॉकचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका, ते फिरवून घ्या. आणि "जुनंच लॉक चालतंय की" म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा, ते सुटलं तर नव्या बोअरला चर पडते. सिलिंडर पूर्ण आत ढकलायच्या आधी फडकं काढा. हो, मी एकदा विसरलोय.

हेडचे नट तिरपे-तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. टॅपेटची फट (व्हॉल्व्हची) थंड इंजिनला ०.०५ मिमी. प्लग काढून पंधरा-वीस किक मारा, ऑइल वर पोचलं का बघा, मगच स्टार्ट. पहिले ५०० किलोमीटर पिळू नका, नंतर ऑइल बदला. सुरुवातीची काही मिनिटं थोडा धूर येतोच, बसवताना लावलेलं ऑइल जळत असतं, लगेच पाने घेऊन परत बसू नका.