प्रभाग रचनेवर हरकत कशी घ्यावी

महापालिकेची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. ते दवडू नका. पुढे न्यायालयात पाहू म्हणणाऱ्यांची वाट राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-झेडजी (पालिका निवडणुकांच्या बाबींत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला मनाई करणारा) अडवतो. शिवाय २०२२ मध्ये कायदा बदलून राज्य शासनाने प्रभाग रचनेचे अधिकार स्वतःकडे घेतले, तेव्हापासून नागरिकांच्या लेखी हरकतीचं मोल फारच वाढलं आहे.

आधी नकाशा आणि त्यासोबतचं परिशिष्ट मिळवा. त्यात प्रत्येक प्रभागाची एकूण, अनुसूचित जातींची आणि जमातींची लोकसंख्या, व्याप्ती आणि चतुःसीमा असते. मग गणित करा. समजा शहराची लोकसंख्या ६,००,००० आणि सदस्य ८०. म्हणजे सदस्यामागे ७,५०० आणि चार सदस्यांच्या प्रभागाला ३०,०००. दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे २७,००० ते ३३,०००. इथे जनगणनेची लोकसंख्या धरतात, मतदारसंख्या नव्हे. मतदार यादीवरून मांडलेला हिशेब सुनावणीत पहिल्याच मिनिटाला पडतो.

त्यानंतर प्रत्यक्ष हद्दीवरून चालत जा. हद्द नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग यांवरून जायला हवी. ती सोडून एखाद्या गल्लीत शिरली असेल तर फोटो काढा, नकाशावर खूण करा. प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला छोटा भाग) फोडला आहे का, हेही तपासा. दलित किंवा आदिवासी वस्ती दोन प्रभागांत विभागली असेल तर तो मुद्दा सर्वांत वर लिहा: राखीव जागा त्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, त्यामुळे वस्ती तुटली की प्रतिनिधित्वच हातचं जाऊ शकतं.

बहुतेक हरकती एकाच चुकीमुळे फेटाळल्या जातात. 'आमचा भाग शेजारच्या प्रभागात टाका' एवढंच लिहिलेलं असतं. पर्याय द्या: कोणता प्रगणक गट कुठून कुठे न्यायचा, आणि त्यानंतर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होईल. शेजारचा ३३,००० च्या वर गेला तर तिसऱ्या प्रभागापर्यंत हिशेब न्यावा लागेल. सदस्यसंख्या किंवा आरक्षण सोडतीची तक्रार या अर्जात घालू नका. त्याने मूळ मुद्दा झाकला जातो.

शंभर जणांनी एकच छापील मजकूर दिला तर तो एकच मुद्दा म्हणून निकाली निघतो. त्यापेक्षा तीन-चार जणांनी वेगवेगळ्या हद्दींवर नेमकं लिहावं. अर्ज मुदतीत देऊन तारीख-शिक्क्याची पोच घ्या. सुनावणीला बोलायला फार वेळ मिळत नाही. नकाशाची एक मोठी प्रत आणि एका पानाचा तक्ता अधिकाऱ्यांच्या हातात द्या, आणि तक्त्याच्या दुसऱ्या प्रतीवरही पोच घ्या.